चित्र वाचणारे यंत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला पाककृतीवर, बचतीवर किंवा मुलांच्या अभ्यासावर बोलायचे, अशी आपली रीत आहे. या वर्षी कार्यवाहबाईंनी मला निरोप धाडला तो निराळाच होता. त्यांच्या भाचीने कुठेसे वाचले होते, की बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाचा फोटो काढला की यंत्रच सांगते, कर्करोग होईल की नाही; तेव्हा हे खरे की खोटे, ते तुम्ही येऊन सांगा. मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले. यंत्रातले मला जेवढे कळते तेवढेच सांगेन, आणि बाईच्या शरीरातले थोडे अधिक सांगेन. विषय असा आहे की चारचौघीत बोलायला जीभ अडते. पण आज पुरुषमंडळी मांडवाबाहेर चहाच्या कामाला लावली आहेत, तेव्हा हरकत नाही.

आधी रोगाची ओळख. आपण जिला पिशवी म्हणतो त्या गर्भाशयाला खालच्या बाजूला एक अरुंद तोंड असते. त्या तोंडाशी होणारा हा कर्करोग. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे 1 लाख 27 हजार बायकांना तो नव्याने झाला आणि जवळजवळ 80 हजार बायका त्याने गेल्या. तो एका विषाणूमुळे होतो, त्याला एच.पी.व्ही. म्हणतात. हे शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू नवराबायकोच्या संबंधातून येतो. येथे मी मुद्दाम थांबते. हे ऐकून कोणी कुणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवू नये. संसार करणाऱ्या बहुतेक सर्व स्त्रीपुरुषांना हा विषाणू कधी ना कधी शिवून जातो, आणि दहांतल्या नऊ जणींच्या शरीरातून एकदोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्या जणींत तो ठाण मांडतो. त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडू लागतात, आणि बिघाडापासून खऱ्या कर्करोगापर्यंत जायला बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

ही दहा-पंधरा वर्षे म्हणजे आपल्याला मिळालेली सवड आहे. इतकी सवड देणारे कर्करोग फार थोडे आहेत. या काळात बिघडलेली जागा सापडली तर ती गोठवून किंवा शेकून नाहीशी करता येते. काम काही मिनिटांचे असते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. पण या काळात दुखत नाही, खुपत नाही, रक्त जात नाही. दुखत नाही म्हणून आपण जात नाही. 2019 ते 21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वर्षांच्या बायकांना विचारले होते, की ही तपासणी आयुष्यात एकदा तरी केली आहे काय? देशभरात शंभरात दोघींनीही होय म्हटले नाही.

आता तपासणी कशाने करतात ते पाहू, म्हणजे यंत्राची गोष्ट नीट कळेल.

सर्वांत जुनी रीत पॅप तपासणीची. जॉर्ज पापानिकोलाऊ नावाचे ग्रीसचे डॉक्टर अमेरिकेत काम करीत होते. काडीने तोंडावरच्या पेशी अलगद घ्यायच्या, काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, ही युक्ती त्यांची. त्यांची पत्नी आंद्रोमाखी वर्षानुवर्षे आपला नमुना त्यांना देत राहिली. तिच्या पेशी पाहून पाहूनच त्यांना निरोगी कशाला म्हणायचे ते कळले. तपासणीला नाव मात्र यजमानांचे पडले. ते असो. ही तपासणी उत्तम आहे, पण एकेका काचेवर हजारो पेशी असतात, त्या तासन्‌तास पाहणारी शिकलेली माणसे लागतात, आणि तशी माणसे खेड्यात नसतात.

दुसरी रीत आपल्या स्वयंपाकघराजवळची. लोणच्यात वापरतात ते व्हिनेगर, म्हणजे पाण्यात मिसळलेले सौम्य ॲसेटिक ॲसिड, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या तोंडाला लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बिघडलेली जागा पांढरी पडते. उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. काचेची गरज नाही, प्रयोगशाळेची नाही, आणि उत्तर तिथल्या तिथे मिळते. सरकारी आरोग्य केंद्रांत 30 ते 65 वर्षांच्या बायकांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हावी, असे आपल्या देशाचे धोरण आहे.

तिसरी रीत नमुन्यात तो विषाणूच आहे का, ते पाहण्याची.

या तिन्हींपैकी कोणती खरी कामाची, हे ठरवणारा जगातला एक मोठा प्रयोग आपल्यापासून फार दूर झालेला नाही. इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डूवाडी करत पुढे गेले की बार्शी लागते. तेथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या साहाय्याने तेथे 1987 साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. खेडोपाडी फिरून ठेवलेली अशी ही देशातली पहिलीच. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने ही माणसे त्या कामात होती. त्या नोंदवहीची एक गोष्ट मला फार आवडते. नोंदी करणारी माणसे गावात जात तेव्हा नुसती वही भरून परत येत नसत. अंगावरून असे जाऊ लागले, संबंधानंतर रक्त दिसले, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला, तर लगेच या, असे बायकांना सांगत. काही वर्षांनी वहीतच दिसू लागले, की बायका आता रोग वाढण्यापूर्वी, लवकरच्या अवस्थेत दाखवायला येत आहेत. कोणतेही यंत्र नव्हते. नुसते बोलणे होते.

याच बार्शीच्या रुग्णालयाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, 1999 साली प्रयोग मांडला. 30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 निरोगी बायका, गावांचे 52 गट. काही गटांत विषाणूची तपासणी, काहींत पॅपची, काहींत व्हिनेगरची, तीही एकदाच; आणि काही गटांत नेहमी जे चालते तेच, म्हणजे खरे तर काही नाही. आठ वर्षे लक्ष ठेवले. 2009 साली डॉ. शंकरनारायणन आणि मंडळींनी निकाल प्रसिद्ध केला. ज्यांची काहीच तपासणी झाली नव्हती त्या सुमारे साडेएकतीस हजार बायकांपैकी 64 या रोगाने गेल्या. विषाणूची तपासणी झालेल्या सुमारे चौतीस हजारांपैकी 34. जवळजवळ निम्मे मरण टळले, तेही आयुष्यातल्या एका तपासणीने. पॅप आणि व्हिनेगर यांनी मात्र त्या प्रयोगात म्हणावा असा फरक पडला नाही.

ज्या चौसष्ट जणी गेल्या, त्यांच्या गावांना तपासणी का दिली नाही, असा जाब पुढे काही डॉक्टरांनी जाहीरपणे विचारला. तो वाद मोठा आहे. माझे मत विचाराल तर प्रश्न योग्यच होता. आपण आज या तपासण्यांबद्दल खात्रीने बोलतो ती खात्री त्या बायकांच्या जिवावर मिळाली आहे, एवढे आपण तरी विसरू नये.

पण व्हिनेगर टाकाऊ ठरले काय? तसे नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली 1998 पासून दुसरा प्रयोग केला. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे शिकवून व्हिनेगरची तपासणी त्यांच्या हाती दिली, आणि दर दोन वर्षांनी अशी चार वेळा तपासणी केली. बारा वर्षांनंतर या रोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. म्हणजे डोळ्यांनी पाहण्यातही गुण आहे. परंतु पाहणारी नीट शिकलेली पाहिजे, तिच्यावर लक्ष पाहिजे, आणि पुन्हा पुन्हा पाहिले पाहिजे. मी स्वतः अशी तपासणी केलेली आहे. सकाळच्या पहिल्या बाईला पाहताना जी नजर असते ती दुपारच्या तिसाव्या बाईला राहत नाही. त्यातून साधी सूज असली तरी जागा पांढरट दिसते. एकीला मी संशयित म्हणावे आणि माझ्या शेजारच्या परिचारिकेने ठीक म्हणावे, असे कितीदा तरी झाले आहे. आम्हा दोघींत हुशार कोण, हा प्रश्न नव्हता. पांढऱ्याच्या पन्नास छटा असतात, हे चुना लावणाऱ्या गवंड्यालाही ठाऊक असते.

यंत्राची गोष्ट येथे येते. माणसाची नजर कमी आहे, दमते, आणि दोघांची जुळत नाही. मग ती यंत्राला देता येईल का?

हा विचार आजचा नाही. 1950 नंतरच्या दशकातच अमेरिकेत पॅपच्या काचा आपोआप वाचणारे एक यंत्र बनवले होते. ते साध्या पेशींच्या पुंजक्यांनाही रोग समजून सारखी धोक्याची घंटा वाजवी, म्हणून सोडून द्यावे लागले. त्या यंत्राला माणसाने नियम सांगितले होते: पेशीचा गाभा इतका मोठा असेल, इतका काळा असेल, तर वाईट. आताच्या यंत्राला नियम सांगत नाहीत. त्याला उदाहरणे दाखवतात. फरक एवढाच, पण फार मोठा.

तो कसा, ते सांगते. आपल्या गावी तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. त्या गर्दीत आपली मावशी पाठमोरी चालली असली तरी आपण ओळखतो. कशावरून ओळखले? चालीवरून, डोक्यावरच्या पदरावरून, की खांदा थोडा पडलेला आहे त्यावरून? सांगता येत नाही. लहानपणापासून तिला हजार वेळा पाहिले आहे, एवढेच. यंत्राला तसेच हजारो फोटो दाखवतात. प्रत्येक फोटो म्हणजे त्याच्या लेखी बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा एक आकडा. फोटोबरोबर खरे उत्तर सांगतात: या बाईला पुढे बिघाड निघाला, हिला नाही. आरंभी यंत्र अंदाजपंचे उत्तर देते, बहुतेक चुकते. चुकले की आतल्या गणितातले असंख्य लहान लहान खिळे थोडे थोडे फिरवले जातात, म्हणजे पुढच्या खेपेस चूक कमी व्हावी. नव्या सुनेने पहिल्यांदा तांदूळ निवडले की खडे राहतात. सासूबाईंच्या दाताखाली एक आला की ती दुसऱ्या दिवशी अधिक नीट पाहते, तसेच. लाखो वेळा असे झाले की यंत्राची नजर बसते. गर्भाशय म्हणजे काय, बाई म्हणजे काय, हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक नसते.

2019 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी असा एक निकाल प्रसिद्ध केला तेव्हा जगभर चर्चा झाली. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात ग्वानाकास्ते नावाच्या प्रांतात नव्वदीच्या दशकात 9 हजारांवर बायकांचे असे फोटो काढून ठेवले होते आणि पुढे सात वर्षेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले होते. म्हणजे फोटो होते आणि पुढे काय झाले तेही ठाऊक होते. यंत्राला ते दाखवून शिकवले, आणि त्याने तेच फोटो पाहणाऱ्या तज्ज्ञांपेक्षा, इतकेच काय पॅपच्या तपासणीपेक्षाही, अधिक बिनचूक उत्तरे दिली. आपल्याकडेही 2018-19 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने तेव्हाच्या एस.आर.एल. प्रयोगशाळांबरोबर पॅपच्या काचा वाचणारे यंत्र शिकवायला घेतले. त्या प्रयोगशाळांकडे वर्षाला लाखावर नमुने येत आणि त्यांतले 98 टक्के निर्दोष निघत. हे अठ्ठ्याण्णव यंत्राने बाजूला काढले तर डॉक्टरांचे डोळे उरलेल्या दोनांवर नीट लागतील, असा हेतू होता. आणि पुण्यात पेरिविंकल नावाची कंपनी आहे, वीणा मोकताळी या बाईंनी उभी केलेली. त्यांनी स्मार्ट स्कोप नावाचे हातात धरायचे लहान उपकरण काढले. व्हिनेगर लावायचे, उपकरणाने फोटो घ्यायचे, आणि यंत्र तिथेच त्यांची छाननी करते. पुण्यातल्या एका बाईने हे केले, याचा मला अभिमान वाटला, लपवत नाही.

आता दुसरी बाजू. कोस्टा रिकाचे ते फोटो जुन्या फिल्मच्या एका खास कॅमेऱ्याने काढलेले होते, आणि तो कॅमेरा आता वापरातून गेला. मोबाईलने काढलेले फोटो त्याच यंत्राला दाखवले तर ते गोंधळते, असे पुढे त्याच शास्त्रज्ञांनी सांगितले. एका उपकरणावर शिकलेली नजर दुसऱ्यावर चालेलच असे नाही; एकाच बाईचे लागोपाठ दोन फोटो काढले तर दोन्हींचे उत्तर सारखे येते का, हेही तपासावे लागते. छातीच्या एक्स-रेच्या यंत्रांबाबत तर अशी मौज झाली, की यंत्र रोग ओळखायला शिकण्याऐवजी फोटो कोणत्या दवाखान्यातला आहे ते ओळखायला शिकले. कारण एका दवाखान्यात आजारी माणसे जास्त येत होती. शाळेत एखादा मुलगा धडा न वाचता बाईंच्या चेहऱ्यावरून उत्तर ताडतो, तसेच हे. म्हणून कोणी कंपनी गावात येऊन म्हणाली, की आमचे यंत्र इतके टक्के बरोबर आहे, तर विचारावे: कोणत्या बायकांवर पाहिले? आमच्यासारख्या बायकांवर पाहिले का? खरे उत्तर कशावरून धरले, कुणा डॉक्टरच्या मतावरून, की तुकडा काढून तपासल्यावरून?

आणखी एक मर्यादा वय झालेल्या भगिनींनी ध्यानात घ्यावी. पाळी गेल्यानंतर बिघाड होण्याची ती जागा आत सरकते. ती डोळ्याला दिसत नाही, तशी कॅमेऱ्यालाही दिसत नाही. जे फोटोत आलेच नाही ते जगातले कोणतेही यंत्र वाचू शकणार नाही. पन्नाशीपुढच्या बाईला ‘फोटो स्वच्छ आला’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. विषाणूच्या तपासणीला ही अडचण येत नाही, कारण तिला पाहायचे नसते, नमुना हवा असतो. आणि तो नमुना बाईला स्वतःच्या हाताने पडद्याआड घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली या तपासणीलाच पहिली पसंती दिली. आपल्याकडे ती महाग म्हणून मागे राहिली. पण गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर, ज्यावर क्षयाची तपासणी होते त्याच यंत्रावर, आता ही तपासणीही होऊ शकते. परदेशात त्याच शास्त्रज्ञांनी नऊ देशांत असे पाहायला घेतले, की आधी विषाणूची तपासणी करावी आणि ज्यांच्यात तो निघेल त्यांचाच फोटो यंत्राला दाखवावा. मला हाच क्रम शहाणपणाचा वाटतो. नुसता कॅमेरा घेऊन गावोगाव फिरण्याला माझे मन घेत नाही.

का घेत नाही, ते सांगते. आणि आज मी येथे मुख्यतः यासाठीच उभी आहे.

थोडे गणित करू. समजा, आपल्या पंचक्रोशीतल्या हजार बायकांचे फोटो काढले. समजा, त्यांतल्या दहा जणींना खरोखर बिघाड आहे. यंत्र चांगले आहे. शंभरात नव्वद वेळा बिघाड पकडते आणि निरोगी बाईला शंभरात दहा वेळाच चुकून संशयित ठरवते. काय होईल? दहांपैकी नऊ सापडतील, एक निसटेल. आणि उरलेल्या 990 निरोगी बायकांतल्या 99 जणींनाही यंत्र संशयित म्हणेल. म्हणजे एकंदर 108 बायकांच्या कागदावर शेरा पडला, आणि त्यांत खऱ्या नऊ. बारा जणींना बोलावणे आले तर अकरा जणींना काहीही झालेले नाही. यात यंत्राची लबाडी नाही. रोग थोड्या जणींत असला की कोणत्याही तपासणीचे असेच होते. म्हणून पहिल्या तपासणीला चाळणी म्हणतात. चाळणीवर राहिलेले सगळे खडे नसतात.

पण आपल्या भागात त्या अकरा जणींचे काय होते, हे आपण जाणतो. शेजारच्या घरातली एक बाई, वय पस्तिशीच्या आत, अंगावरून पांढरे जाते म्हणून एका दवाखान्यात गेली. गाव सांगत नाही, दवाखाना सांगत नाही. तिला सांगितले, पिशवीला सूज आहे, उद्या कर्करोग होईल, काढून टाकलेली बरी. ना व्हिनेगर, ना नमुना, ना तुकड्याची तपासणी. आठवड्यात पिशवी गेली, अंगावरचे दागिने गहाण पडले. माझ्याकडे आली ती नंतर, अंगाची आग होते, झोप लागत नाही, कंबर धरते म्हणून. मी काय सांगणार? पांढरे जाणे बहुतेक वेळा साध्या संसर्गाने असते, गोळ्यांनी बरे होते, हे तिला आता सांगून तिच्या जखमेवर मीठ चोळायचे का?

ही एकटीची कथा नाही. आपल्या भवानीनगरच्या कारखान्याला उसाच्या तोडीला टोळ्या येतात. थंडीच्या दिवसांत त्यांच्या कोप्या आपण बांधावर पाहतो. बीड जिल्ह्यातल्या अशा ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने पाहणी केली. 82,309 बायकांत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. कामाचा एक दिवस बुडाला तर खाडा पडतो, पाळीत चार दिवस बुडतात, आणि वर कर्करोगाची भीती घातली की बाई मान डोलावते. या भीतीच्या बाजारात यंत्राने छापलेला ‘संशयित’ असा कागद आला तर? डॉक्टरच्या बोलण्यावर बाई एखादे वेळी शंका घेईल. छापलेल्या कागदावर घेणार नाही. उलट कागद दाखवून तिला टेबलावर निजवणे अधिक सोपे होईल. मला यंत्राच्या चुकीची तेवढी भीती वाटत नाही. यंत्राच्या कागदाचा कोण काय उपयोग करील, त्याची वाटते.

आणि गंमत पाहा, याच टोळीतल्या बायकांसाठी हे यंत्र सर्वांत उपयोगीही पडेल. त्यांना पुन्हा या, पंधरा दिवसांनी निकाल मिळेल, असे सांगण्यात अर्थ नसतो. पंधरा दिवसांत टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. त्याच दिवशी उत्तर मिळाले, त्याच दिवशी शिकलेल्या माणसाने पुन्हा पाहिले, गरज तर तिथेच शेकून दिले, असे झाले तर त्या बाईचा एकच खाडा पडेल. म्हणून मी यंत्र नको म्हणत नाही. यंत्राच्या मागे डॉक्टर पाहिजे, औषध पाहिजे, आणि पुढची वाट आधी ठरलेली पाहिजे.

तेव्हा असे शिबिर आपल्याकडे आले तर मंडळाने आधी काय विचारावे, ते मी कार्यवाहबाईंजवळ लिहून दिले आहे. संशयित निघालेल्या बाईला पुढे कोठे पाठवणार, कोण पाहणार, पैसे कोण देणार? दुर्बिणीतून पुन्हा तपासून आणि तुकडा काढून पाहिल्याशिवाय कुणाचीही पिशवी काढायला सांगणार नाही ना? सुरुवातीचा बिघाड असेल तर पिशवी काढायची बहुधा गरजच नसते, हे प्रत्येकीला सांगणार ना? आणि फोटो कोठे जाणार? त्या फोटोत चेहरा येत नाही, हे खरे. पण नाव, गाव, मोबाईलचा आकडा त्याला जोडलेला असतो. बाईला विचारल्यावाचून तिचा फोटो यंत्राला शिकवायला वापरता कामा नये. ‘येथे अंगठा करा’ म्हटले की अंगठा करू नये, आधी वाचून दाखवायला सांगावे. नाही म्हटले तरी तपासणी मिळाली पाहिजे.

काहीजणी म्हणतील, मग शिबिर येईपर्यंत थांबू. तसे करू नका. तिशी ओलांडलेल्या सर्वांनी सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन व्हिनेगरची तपासणी मागावी. तिला पैसे पडत नाहीत. जिची पाळी गेली आहे तिने विषाणूच्या तपासणीची चौकशी करावी. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, संबंधानंतर रक्त गेले, घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तर मग कोणत्याही यंत्राचा कागद स्वच्छ असो, डॉक्टरकडे जावेच. मुलींना लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेची सर्व्हाव्हॅक 2023 पासून मिळते. लस लहान वयात द्यायची असते, आणि ती घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीत तपासणी करायचीच आहे.

एक गोष्ट राहिली. मला एका आजींनी मघाशी दाराशीच विचारले, की तपासताना दुखते का. थोडे अवघडते, व्हिनेगरने किंचित चुरचुरते, आणि पाच मिनिटांत होते. दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटते, ती पहिल्याच वेळी. ज्यांना चारचौघीत विचारायचा संकोच वाटेल त्यांच्यासाठी मी जेवणानंतर शाळेच्या मागच्या खोलीत बसणार आहे. एकेकीने यावे. सासूसुना बरोबर आल्या तरी आधी सुनेला एकटीला आत पाठवावे, एवढी माझी सासूबाईंना विनंती आहे. तपासणीला जायचे असेल त्यांची नावे कार्यवाहबाई वहीत लिहून घेत आहेत. कोप्यांवरच्या बायकांना निरोप द्यायला दोघी हव्या आहेत. संध्याकाळी त्या फडावरून परतल्यावर जायचे आहे. बरोबर मीही येईन.